गाडीचंही माहेर पाहावं

मैत्रिणींनो, मुलीसाठी स्थळ पाहताना आपण काय काय पाहतो? मुलगा तर पाहतोच. पण घर कसं आहे, गाव कुठलं, माणसं कशी आहेत, याचीही चार ठिकाणी चौकशी करतो. नवी गाडी घेताना एवढं काही लागत नाही. शोरूममध्ये जायचं, रंग निवडायचा, नारळ फोडायचा आणि पेढे वाटायचे. सेकंडहँड गाडी मात्र कुणाच्या तरी अंगणात वाढून आपल्याकडे येते. ती कुठल्या हवेत राहिली, कुठल्या रस्त्यांवर धावली, तिची दुखणीखुपणी कुणी काढली की नुसतं अंगावरून जाऊ दिलं, हे तिच्या चकचकीत रंगावरून कळत नाही. त्यासाठी तिच्या माहेरी जावं लागतं.

आम्ही गेलो. कराडहून चिपळूण, सांगली, पुणे आणि सातारा, अशी आमची चार रविवारांची यात्रा झाली. गाडी तर मिळालीच. पण चार गावं गाडीच्या निमित्तानं नव्यानं पाहिली. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी सध्या "घ्यावी का एखादी जुनी?" अशी चर्चा चालू असेल, त्यांच्यासाठी ही हकिकत.

आधी गाडी कशाला, ते सांगते. आमच्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत. त्यांची थोरली बहीण चिपळूणला. कराड-चिपळूण अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेरचं. पण चार वर्षांत दोघी बहिणींची गाठ नाही, फक्त फोन. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास फुकट झाला. आम्हा बायकांनाही मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पण सवलत तिकिटाला मिळते, पायरीला नाही! ती उंच पायरी काही सासूबाईंना चढवत नाही. भाड्याची गाडी करावी, तर एका फेरीला तीन-साडेतीन हजार. "माझ्यापायी एवढा खर्च नको गं," म्हणून त्या विषयच मिटवून टाकत.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते आणि संध्याकाळी चार मुलांच्या शिकवण्या घेते. शिकवणीचे साठलेले पैसे, माझी भिशी आणि ह्यांनी बाजूला टाकलेली रक्कम मिळून अडीच लाख झाले. तेवढ्यातच सगळं बसवायचं, कर्ज काढायचं नाही, असं आम्ही ठरवलं. आणि पहिल्याच दिवशी त्या अडीच लाखांच्या दोन वाटण्या केल्या. गाडीची किंमत दोन लाख दहा हजारांपर्यंत. उरलेले चाळीस हजार नावावर करणं, विमा, टायर, बॅटरी आणि पहिल्या दुरुस्तीसाठी. लग्न ठरवताना मांडवखर्च वेगळा काढतो ना, तसंच. जुन्या गाडीत सगळे पैसे किमतीतच घातले, तर ती पहिल्याच महिन्यात दारात उभी राहते.

मग कुठली गाडी, हा प्रश्न. त्यासाठी गाव सोडावं लागलं नाही. सासूबाईंना शेजाऱ्यांच्या अल्टोत बसवून पाहिलं. त्यांना खाली वाकून, अंग टाकून बसावं लागलं, आणि उठताना दोघांनी हात द्यावा लागला. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या वॅगनआरमध्ये मात्र त्या पाठमोऱ्या टेकल्या, पाय आत घेतले आणि बसल्या! सीट बरोबर कमरेच्या उंचीला. ना चढायचं, ना उतरायचं. घरात कुणाचे गुडघे किंवा कंबर दुखत असेल, तर ही परीक्षा आधी घ्या. गाडी कितीही चांगली असली तरी जिच्यासाठी घ्यायची, तिला बसताउठता यायला हवं.

वॅगनआर १९९९ पासून आपल्याकडे आहे. तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि तिच्यावर हात बसलेले मेकॅनिक गल्लोगल्ली आहेत. थोडक्या पैशांत गाडी घ्यायची, तर अशीच घ्यावी. वेगळी, देखणी, पण जिचा आरसा फुटला तर मुंबईहून मागवावा लागतो, ती नको. आमचं महिन्याचं फिरणं फार तर चारशे किलोमीटर, म्हणून पेट्रोलचीच ठरवली. सी.एन.जी.ची पाहणार असाल, तर दोन गोष्टी बघा: आर.सी. बुकावर सी.एन.जी.ची नोंद हवी आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी तपासणी झालेली हवी. शिवाय टाकी डिकीत असते, म्हणजे बोचक्यांना जागा कमी!

आमच्या गल्लीतले गॅरेजवाले मामा बरोबर यायला तयार झाले. त्यांना दर रविवारी पाचशे रुपये, तिकीट आणि जेवण. चार रविवारांचे दोन हजार गेले, पण गाडीच्या व्यवहारात याहून सत्कारणी खर्च दुसरा नाही.

पहिला रविवार चिपळूणचा. पाटण, कोयनानगर मागे टाकून एस.टी. कुंभार्ली घाटात उतरायला लागली की हवाच बदलते. घाटमाथ्यापर्यंत कोरडा वारा, आणि पोफळीला पोचेपर्यंत अंग चिकट. मामा म्हणाले, "ताई, ही हवा माणसाला मानवते, पत्र्याला नाही." खरंच आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणारा हा मुलूख! इथली गाडी पाहायची ती खालून. मामांनी रस्त्यावर चक्क पोतं अंथरलं, आडवे झाले आणि बॅटरीच्या उजेडात दारांच्या खालच्या कडा आणि चाकांच्या वरचा पत्रा पाहिला. नुसता तांबूस थर असला तर चालतो. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दाबल्यावर पापुद्रा निघाला, तर ती गाडी सोडायची.

गाडी दिसायला झकास होती, किंमतही फक्त एक लाख तीस हजार. मग मामांनी मला मागच्या सीटचा पट्टा अगदी शेवटपर्यंत ओढायला सांगितला. आपण पट्टा कधी पूर्ण ओढत नाही, त्यामुळे त्याचं शेवटचं टोक सहसा कुणी धूत नाही. तिथे मातकट रेघ होती. मालक सज्जन. त्यांनी काहीच लपवलं नाही. "ताई, २२ जुलै २०२१ ला पाणी सीटच्या वर होतं. इंजिन उघडून साफ केलंय. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, वायरिंगचा भरवसा मी देणार नाही." वाशिष्ठीचं पाणी त्या दिवशी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा माणसं माळ्यांवर नि गच्च्यांवर चढली, गाड्यांना कुठलं चढता येतंय? अशा गाडीचं इंजिन दुरुस्त होतं, पण तारांच्या जोडांत शिरलेला ओलावा महिन्यांनी, वर्षांनी त्रास देतो. कधी काच खाली होत नाही, कधी दिवे लागत नाहीत, आणि घाटात मध्येच बंद पडली तर काय करायचं?

दुपारी मावशींकडे, म्हणजे सासूबाईंच्या बहिणीकडे जेवलो. निघताना त्यांनी आमसुलं आणि फणसपोळी बांधून दिली आणि म्हणाल्या, "तिला म्हणावं, गाडी मिळेल तेव्हा मिळेल, मी वाट बघत्येय." घाट चढताना ते शब्द डोक्यातून जाईनात. पण घाईनं घेतलेली गाडी त्यांची भेट घडवण्याऐवजी वाटेतच अडकवेल, हेही दिसत होतं.

दुसरा रविवार सांगलीचा. हळदीच्या पेठेचं, गणपतीचं सांगली. कृष्णेवरचा आयर्विन पूल पाहिलात? तिथे पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं. आमच्या कराडला प्रीतिसंगमावर कोयनेला पोटात घेऊन निघालेली तीच कृष्णा, पण इथे तिचं रूप वेगळंच दिसलं होतं.

इथे आम्ही एका गाड्या विकणाऱ्या दुकानात गेलो. गाडी एमएच-१२, म्हणजे पुणे पासिंगची. "पुण्याची गाडी आहे, पाणी बघितलेलंच नाही," विक्रेत्यानं सांगितलं. गाडीत सुगंधी फवारा इतका मारलेला, की मला शिंक आली. मी बी.ए. इतिहास घेऊन केलं. सरदारांच्या वंशावळी आता आठवत नाहीत, पण कागदाचा कागदाशी मेळ घालून पाहायची सवय मात्र राहिली. डॅशबोर्डच्या कप्प्यात सर्व्हिसिंगच्या पावत्यांची एक चवड होती. वाचत बसले. २०१७ पासूनच्या सगळ्या पावत्या सांगलीच्याच, आणि सप्टेंबर २०१९ च्या पावतीवर लिहिलेलं: सीट काढून साफसफाई, कार्पेट नवीन. पावती नुसती पुढे सरकवली. विक्रेता हसला आणि दुसरी गाडी दाखवू लागला.

तेव्हा लक्षात ठेवा, नंबरप्लेट फक्त जन्मगाव सांगते. गाडी पुढे कुठे राहिली ते पावत्या सांगतात. जास्त सुगंध, गाडी जुनी नि कार्पेट कोरं, दिव्यांच्या काचेच्या आत साचलेली वाफ, सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज, स्टेपनीच्या खळग्यात माती, यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या तरी किमतीची बोलणी सुरूच करू नयेत.

तिसऱ्या रविवारी पुणं. खंबाटकी ओलांडून गेलो. तिथे गाड्यांचा तोटाच नाही. एका छपराखाली साठ-सत्तर गाड्या रांगेनं उभ्या, आणि वातानुकूलित खोलीत थंड पाण्याची बाटली. साड्यांच्या दुकानात होतं तसंच होतं. दहा साड्या पसरल्या की नेमकं काय घ्यायला आलो तेच विसरायला होतं. आम्ही मात्र वहीत आधीच लिहून नेलं होतं: वॅगनआर, पेट्रोल, २०१३ नंतरची, दोन लाख दहा हजारांच्या आत.

एक गाडी २०१३ ची, मीटरवर एकतीस हजार किलोमीटर. "डॉक्टरांची गाडी, फक्त दवाखान्यापर्यंत जायची." मामांनी मीटरकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं. ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, स्टिअरिंगवरची नक्षी पुसलेली. एकतीस हजारांत एवढी झीज होत नाही. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, तेही इथेच शिकले: २३१५ असेल तर २०१५ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. काचांच्या कोपऱ्यांतही सालाची खूण असते. एकच काच वेगळ्या सालची निघाली, तर "ही का बदलली?" असं विचारायचं. दारावरच्या रबरी पट्टीला रंगाचे शिंतोडे दिसले, तर त्या बाजूला डेंटिंग-पेंटिंग झालंय.

पुण्याच्या गाडीबद्दल आणखी एक. शहरात किलोमीटर कमी होतात, पण सिग्नलपासून सिग्नलपर्यंत क्लच दाबून दाबून तोच आधी जातो. ओळखायचा कसा? चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जोर द्या. इंजिनाचा आवाज वाढला पण गाडीचा वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. हा काही मोठा आजार नव्हे. पण बदलायचा खर्च किमतीतून कमी करून मागावा.

दुसरी एक गाडी खरोखर चांगली होती. पण आर.सी. बुकावर बँकेचा बोजा तसाच. "कर्ज फिटलंय हो, नुसतं नाव काढायचं राहिलंय." फिटलं असेलही. पण बँकेचं ना-हरकत पत्र आणि सही केलेला फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय विसार द्यायचा नाही, असं ह्यांचं स्पष्ट मत. ते दोन्ही महिनाभर लांबणीवर होतं. नमस्कार केला आणि निघालो.

चौथा रविवार साताऱ्याचा. घरापासून जेमतेम पन्नास किलोमीटर. जाहिरात वृत्तपत्रात नव्हती की फोनवर नव्हती; ह्यांच्या कचेरीतल्या एकांनी सांगितलं, की एक निवृत्त शिक्षक मुलाकडे राहायला जाणार आहेत आणि गाडी काढायची आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी घर, दारात जांभूळ आणि त्याच्या सावलीत २०१४ ची वॅगनआर, एमएच-११. डाव्या दाराला पोचा, छपरावर जांभळाचे डाग. दिसायला चारही गावांतली सगळ्यांत साधी.

आदल्या दिवशी फोन करून आम्ही एकच विनंती केली होती: आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गरम इंजिन आपली दुखणी लपवतं. सकाळी पोचलो, बॉनेटवर हात ठेवला, थंडगार. पहिल्या किल्लीला सुरू झाली. मागे निळसर धूर आला तर इंजिन ऑइल खातंय. दाट पांढरा धूर थांबेचना तर पाणी आत जातंय. इथे दोन्ही नव्हतं. ऑइलचं झाकण उघडून आतून पाहिलं. ताकासारखा पांढरट फेस दिसला तर धोका. इथे तोही नव्हता. चासीवरचा नंबर आर.सी. बुकाशी ताडून पाहिला. मग एम-परिवहनवर नंबर घालून विमा आणि पी.यू.सी. पाहिली, आणि ई-चलन बाकी नाही ना तेही. न भरलेला दंड गाडीबरोबर आपल्या गळ्यात पडतो.

मग मामांनी गाडी यवतेश्वरच्या घाटात काढली, पाचही जणं बसून आणि ए.सी. लावून. रिकाम्या गाडीनं सपाट रस्त्यावर मारलेली चक्कर ही काही परीक्षा नव्हे. चढ चढली. वर थांबून पाहिलं, गरम झाली नव्हती. उतारावर ब्रेक लावला तर एका बाजूला ओढली नाही. खाली सातारा पसरलेला, समोर अजिंक्यतारा, आणि मागच्या सीटवर गुरुजींच्या पत्नी सांगत होत्या, "ह्या गाडीतून आमची नात दवाखान्यातून घरी आली हो." मला क्षणभर वाटलं, आपण त्यांच्या घरातलं माणूसच घेऊन चाललोय.

गुरुजींनी फाईल काढली. बावन्न हजार किलोमीटर आणि प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती, तारीखवार. किंमत त्यांनी सव्वादोन सांगितली. मामांनी बॅटरी, दोन टायर आणि दाराचा पोचा दाखवला. दोन लाख आठ हजारांवर व्यवहार ठरला. पाच हजार विसार दिला, त्याची सहीची पावती घेतली. बाकी रक्कम सह्यांच्या दिवशी बँकेतून.

आता कागदांचं नीट लक्षात ठेवा, बरं का. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर विकणाऱ्याची नि आपली सही. आर.सी., विमा, पी.यू.सी., दोघांचे ओळखीचे पुरावे. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८, म्हणजे तिकडच्या आर.टी.ओ.चं ना-हरकत हवंच. आपल्याच राज्यातल्या दुसऱ्या आर.टी.ओ.ची असेल, तर तिथे काय लागतं ते आधी विचारून घ्यावं. मालकी बदलल्यावर तीस दिवसांत आपण आर.टी.ओ.कडे कळवायचं आणि चौदा दिवसांत विमा कंपनीकडे. "करू सावकाश" म्हणू नका. कागदावर जुन्याचंच नाव राहिलं आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी कागदावरच्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं आहे. घरातली जुनी स्कूटर नाव न बदलता कुणाला देऊन टाकली असेल, तर हे तुम्हालाही लागू आहे! आणि हो, खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. आमची २०२९ मध्ये पुन्हा करावी लागणार. तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळते, ती याचमुळे. तो खर्च धरूनच किंमत तोलावी.

आमचा पुढचा हिशेब असा झाला: नावावर करणं आणि विमा मिळून बारा हजार, दोन टायर साडेसात हजार, बॅटरी साडेचार हजार, ऑइल-पट्टे-ब्रेकसह पूर्ण सर्व्हिसिंग आठ हजार. बत्तीस हजार गेले, दहा उरले. ते स्वयंपाकघरातल्या रिकाम्या लोणच्याच्या बरणीत नव्हे, वेगळ्या खात्यात ठेवलेत, पण घरात त्याला नाव पडलंय "गाडीची बरणी." दर महिन्याला त्यात पाचशे रुपये पडतात. दाराचा पोचा तसाच ठेवलाय. त्यानं गाडी काही कमी चालत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चिपळूणला गेलो. सासूबाई पुढच्या सीटवर, मांडीवर करंज्यांचा डबा. कोयनानगरला चहा घेतला, कुंभार्लीत दोनदा थांबलो. मावशी दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. दोघी बहिणी कितीतरी वेळ बोलल्याच नाहीत, नुसत्या एकमेकींचे हात धरून बसल्या. मग थोरलीनं विचारलं, "केवढ्याला घेतलीस गं?" आणि धाकटीनं दाराच्या पोच्यासकट सगळी हकिकत सांगायला सुरुवात केली.

तुम्हीही गाडी बघायला निघाल, तेव्हा बरोबर एक भरवशाचा मेकॅनिक, एक बॅटरी, एक पोतं आणि आपली लिहिलेली वही न्या. पहिल्या रविवारी मिळाली नाही तर निराश होऊ नका. परत येताना त्या गावचं काहीतरी घेऊन या. आमच्या घरी त्या महिन्यात फणसपोळी, हळद आणि साताऱ्याचे कंदी पेढे आले. पुण्याहून मात्र नुसती थंड पाण्याची रिकामी बाटली आली!